लम्पीची क्रिस्पर पट्टी-टेस्ट गावात करताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पाऊस लागला, गोठ्यात माश्या-डास वाढले की निपाणी, चिकोडीपासून खानापूरपर्यंत एकच प्रश्न कानावर येतो, गाईच्या अंगावर गाठी आल्यात त्या लम्पीच्या की दुसऱ्या कशाच्या. क्रिस्पर म्हणजे डीएनएचा ठरलेला तुकडा शोधून कापायचं तंत्र, त्यावर चालणारी पट्टी-टेस्ट याचं उत्तर दीड-दोन तासात देऊ शकते, मोठं मशीन लागत नाही, आणि म्हणून आता बायोटेकची पोरं, डेअरीतले टेक्निशियन, काही पशुवैद्य पण ती करून बघायला लागलेत. चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक ठिकाणी चूक तीच होते, क्रिस्परचा भाग सगळे जीव लावून करतात आणि त्याच्या आधीचा आणि शेजारचा भाग, म्हणजे जागा, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेल्या, टेस्ट नीट चालली का ते सांगणाऱ्या नळ्या), नळ्या उघडायचा क्रम, हे सगळं "बघू नंतर" म्हणून सोडतात. मग पट्टीवर रेघ येते आणि ती विषाणूची आहे की आपल्याच टेबलावरच्या घाणीची हे कुणालाच सांगता येत नाही. शेतकऱ्यासाठी हा फरक लहान नाही, एका चुकीच्या पॉझिटिव्हवर त्याचं जनावर दावणीपासून तोडलं जातं, बाजार बंद होतो, आणि चुकीच्या निगेटिव्हवर आजारी गाय कळपात राहते.

तुमच्याकडे तयार किट असो की रिएजंट, म्हणजे टेस्टची रसायनं, वेगवेगळे मागवलेले असोत, क्रम तोच. किटच्या कागदावर आकडा वेगळा दिला असेल तर किटचा आकडा धरा.

सुरू करायच्या आधी एवढं डोक्यात ठेवा

टेस्टमध्ये कॅस१२ए नावाचं एन्झाइम असतं आणि त्याला वाट दाखवणारा गाईड आरएनए. गाईडला लम्पी विषाणूच्या डीएनएमधला ठरलेला तुकडा सापडला की कॅस१२ए जागं होतं आणि मग आजूबाजूला जो सुटा एकेरी डीएनए असेल तो पण कापत सुटतं. आपण मुद्दाम तसा एक एकेरी डीएनएचा तुकडा टाकलेला असतो, त्याला रिपोर्टर म्हणतात, एका टोकाला फॅम आणि दुसऱ्या टोकाला बायोटिन, पट्टी ज्यांना पकडते अशी ही दोन रसायनं. रिपोर्टर कापला गेला का नाही एवढंच पट्टी सांगते. विषाणू ती थेट बघत नाही, हे विसरलात की पुढं सगळं वाचताना गोंधळ होणार.

लम्पीचा विषाणू डीएनएचा आहे, त्यामुळं कोविडच्या टेस्टसारखं आधी आरएनएचा डीएनए करायची गरज नाही. एक पायरी वाचते.

आणि जीन एडिटिंगची टेक्नॉलॉजी म्हटलं की गोठ्यात लोक दचकतात, "जनावराला काय टोचणार काय?" म्हणून विचारतात. त्यांना सरळ सांगा, मामा, जनावराला काहीच टोचत नाही, जनावराचं काहीच बदलत नाही, खपली घेऊन जातो आणि नळीत बघतो. हे बोलल्याशिवाय सॅम्पलला हात लावू नका.

१. जागा ठरवा, आणि तीन ठरवा

जागेवर टेस्ट याचा अर्थ गोठ्यातच सगळं करायचं असा लोकांनी घेतलाय, तो चुकीचा आहे. गोठ्यात फक्त सॅम्पल घ्यायचं. बाकीच्या कामाला गावातली बंद खोली, दवाखाना, डेअरीचं ऑफिस, शाळेची प्रयोगशाळा, काहीही चालेल, पण तीन कोपरे वेगळे लागतात:

पहिला स्वच्छ कोपरा, इथं फक्त रिएजंट मिसळायचे, सॅम्पल इथं कधीच येत नाही. दुसरा कोपरा सॅम्पल उघडायला आणि डीएनए काढायला. तिसरा, शक्यतो वेगळी खोलीच, तिथं वाढवलेल्या डीएनएची, म्हणजे सहाव्या टप्प्यात ज्याच्या कॉप्या काढल्या त्या डीएनएची, नळी उघडायची आणि पट्टी बुडवायची.

माणूस पहिल्याकडून तिसऱ्याकडे जातो, त्याच दिवशी उलटा येत नाही. तिसऱ्या खोलीतलं पिपेट, पेन, नळ्यांचा स्टँड, मोबाईल सुद्धा पहिल्या कोपऱ्यात आणायचा नाही. यात काय एवढं असं वाटत असेल तर कारण ऐका. वाढवण्याच्या पायरीत एका नळीत त्या तुकड्याच्या अब्जावधी कॉप्या तयार होतात, आणि झाकण उघडलं की बारीक थेंब हवेत उडतात. डंकावर संकेश्वरी मिरची कुटायला घेतली की ठसका शेजारच्या घरापर्यंत जातो, तसंच हे, फक्त इथं ठसका लागत नाही म्हणून कळत नाही. असला एक थेंब उद्याच्या रिएजंटमध्ये गेला की उद्याची सगळी जनावरं पॉझिटिव्ह.

*तपासा:* तीन कोपऱ्यांना तीन रंगांची टेप लावली का? प्रत्येक कोपऱ्याचं पिपेट, ग्लोव्हज, कचऱ्याची पिशवी वेगळी आहे का? पंखा बंद आहे का? उन्हाळ्यात पंखा बंद करणं जिवावर येतं, पण नळी उघडताना तेवढा वेळ बंदच ठेवा.

२. सामान

फिल्टर असलेले टिप्स घ्या, साधे टिप्स नकोत, इथं पैसे वाचवायला जाऊ नका. पिपेट किमान दोन, एक १० मायक्रोलिटरपर्यंतचं, एक १०० पर्यंतचं. दोन हीट ब्लॉक मिळाले तर उत्तम, एक ३७-३९ अंशाचा आणि एक ९५ चा. छोटं सेंट्रिफ्यूज. बर्फाची पेटी. वेगळा थर्मामीटर. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि ते पातळ केलेलं रोज नवीन लागतं, एक भाग घरगुती ब्लीच नऊ भाग पाणी, कालचं आज वापरायचं नाही कारण त्याचा जोर उतरतो.

लाईटचा भरवसा धरू नका. वीस मिनिटांच्या रिअॅक्शनमध्ये मधेच लाईट गेली आणि ब्लॉक गार झाला तर ती रन, म्हणजे एकदम लावलेल्या सगळ्या नळ्या, फेकून द्यायची, पुढं ढकलत न्यायची नाही. इन्व्हर्टर नसेल तर चांगला थर्मास, त्यात ३८-३९ अंशाचं पाणी आणि थर्मामीटर, हे आरपीएसाठी (डीएनए वाढवायची एक पद्धत, सहावा टप्पा) खरंच चालतं कारण त्याला तापमान थोडं इकडंतिकडं झालेलं सोसतं. ९५ अंशाला मात्र थर्मासचा उपयोग नाही, त्याला उकळत्या पाण्याचं भांडं ठेवा.

एन्झाइम द्रव असतील तर उणे २० अंशात राहतात, प्रवासात बर्फाच्या पेटीत. कोरड्या गोळ्यांच्या स्वरूपातले असतील तर बाहेर चालतात पण ओल त्यांचा जीव घेते. जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटी, कणकुंबीकडची हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको, तिथं फॉइलचं पाकीट फोडून टेबलावर ठेवलं की गोळी ओल ओढून चिकट होते आणि मग कामच करत नाही. पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा, उरलेलं सिलिका जेलच्या डब्यात. अथणी, रायबागकडं उलटा त्रास, एप्रिल-मेमध्ये खोलीच एवढी तापते की रिअॅक्शन ब्लॉकमध्ये ठेवायच्या आधीच सुरू होते, त्यावर उपाय सहाव्या टप्प्यात आहे.

३. आदल्या दिवशीच करायची कामं

(अ) ब्लॉकच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. नळीत पाणी घालून त्यात थर्मामीटर बुडवून दहा मिनिटांनी बघा. स्क्रीन ३७ दाखवतोय आणि नळीत ३३ आहे असं सर्रास होतं. थर्मामीटर बरोबर आहे का हे बघायला ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी, त्यात शून्य दाखवलं पाहिजे.

(आ) रिपोर्टरचं प्रमाण ठरवा. हे काम नव्वद टक्के लोक करत नाहीत असं मला वाटतं आणि अर्ध्या फिक्या रेघांचं मूळ इथंच आहे. विषाणूचा डीएनए न घालता, म्हणजे पूर्ण निगेटिव्ह नळ्या, रिपोर्टरची तीन-चार वेगवेगळी प्रमाणं घेऊन पट्टीवर चालवा. ज्या प्रमाणाला वरची रेघ (या पट्टीवर पॉझिटिव्हची रेघ हीच, आठवा टप्पा बघा) अजिबात येत नाही ते धरा. रिपोर्टर कमी पडला तर निगेटिव्हमध्ये पण वरची फिकी रेघ उगवते. उगीच जास्त घातला तर कापायला जास्त राहतं आणि अशक्त पॉझिटिव्ह लपून जातो. पट्टीचा बॅच बदलला की हे परत करायचं.

(इ) कंट्रोलच्या नळ्यांवर नावं आजच घाला. कमीत कमी चार:
- फक्त पाणी, विषाणू नाही जनावर नाही.
- पॉझिटिव्ह, म्हणजे त्या जीनचा कृत्रिम डीएनए, आणि तो भरपूर पातळ केलेला. घट्ट पॉझिटिव्ह वापरणं ही चूक आहे, तो नेहमीच येतो, त्यातून टेस्ट नीट चालतेय का काही कळत नाही, आणि वर तोच सगळीकडं पसरतो.
- निरोगी जनावराचं सॅम्पल, पहिल्या पायरीपासून बाकीच्यांबरोबर काढलेलं.
- प्रत्येक सॅम्पलसाठी गाईच्या स्वतःच्या एखाद्या जीनची टेस्ट, म्हणजे डीएनए निघालाच नाही आणि आपण निगेटिव्ह म्हणून मोकळे झालो असं होत नाही.

(ई) स्वतः डिझाइन करणाऱ्यांसाठी थोडं: कॅस१२एला लक्ष्याच्या शेजारी टीटीटीव्ही असा क्रम लागतो, तिथं व्ही म्हणजे टी सोडून कुठलंही अक्षर. गाईडची जागा प्रायमरच्या (डीएनए वाढवायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) जागेवर येऊ देऊ नका, नाहीतर प्रायमर एकमेकांना चिकटून जो कचरा होतो त्यावर पण कॅस जागं होतं. आणि शेळीच्या, मेंढीच्या देवीचे विषाणू लम्पीचे सख्खे नातेवाईक आहेत, पी३२ सारखा जीन तिघांत जवळजवळ सारखा, त्यामुळं वेगळेपणा हवा असेल तर जीपीसीआर किंवा आरपीओ३० या जीनमधला फरकाचा भाग बघा.

४. गोठ्यावर: सॅम्पल घेणं

क्रम असा: आधी निरोगी गोठे, शेवटी आजारी गोठा. उलटं केलं तर तुमच्याच बुटावरून, दोरीवरून रोग फिरणार. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरते पण एकच सुई चार जनावरांना वापरली तरी पसरते, म्हणून प्रत्येक जनावराला नवीन ग्लोव्हज, नवीन ब्लेड.

काय घ्यायचं? गाठीवरची खपली. विषाणू तिथं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात जास्त दिवस असतो. रक्तात तो थोडे दिवस असतो आणि मधेमधे गायब, त्यामुळं रक्त निगेटिव्ह आलं म्हणून लम्पी नाही असं म्हणता येत नाही. लोक रक्तच घेतात कारण सवय तीच. घ्यायचंच असेल तर नाकातला स्वॅब जोडीला घ्या. आणि जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त थेट टेस्टमध्ये घालू नका, त्यातलं ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि मॅग्नेशियमशिवाय डीएनए वाढवणारी एन्झाइम आणि कॅस१२ए चालत नाहीत.

सुटलेली खपली चिमट्याने उचलता येते. गाठ कापून तुकडा घ्यायचा असेल तर ते काम पशुवैद्याचं, तुम्ही करायचं नाही.

गाठ नसलेल्या, नुसता ताप असलेल्या गाईला पण टेस्ट करा म्हणून आग्रह होतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस जातात, त्या काळातलं निगेटिव्ह फार काही सांगत नाही, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

नळीवर लहान कोड, वहीत पूर्ण माहिती: कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, मालक, गाव, गाठी कधी दिसल्या, आणि लस कधी दिली. लस जिवंत विषाणूची असते, शेळीच्या देवीची किंवा लम्पीचीच कमजोर केलेली, आणि तुमची टेस्ट लशीतला विषाणू वेगळा ओळखत नसेल तर नुकत्याच टोचलेल्या जनावराची रेघ तुम्हाला फसवणार. टोचलेल्या जागेची सूज तर सॅम्पल म्हणून घेऊच नका. वहीत भाषेचा घोळ नको, मालक मराठी सांगतो, दवाखान्याचा फॉर्म कन्नडमध्ये असतो, तेव्हा गावाचं नाव आणि बिल्ल्याचा नंबर दोन्हीकडं एकच आहे का हे तिथंच उभं राहून ताडून घ्या.

खपली कोरड्या निर्जंतुक नळीत, स्वॅब बफरमध्ये, नळी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, बर्फाच्या पेटीत. वारंवार गोठवणं आणि वितळवणं टाळा.

*इशारा:* लम्पी माणसाला होत नाही, लोक घाबरून विचारतात तेव्हा ठामपणे सांगा. पण गाठी दिसणारा प्रत्येक रोग लम्पी नसतो आणि बाकीच्यांची खात्री कुणी दिलेली नाही, तेव्हा ग्लोव्हज काढू नका.

५. डीएनए काढणं

खपली अख्खी नळीत टाकून वर बफर ओतणं ही नेहमीची चूक. ती कडक असते, आतला विषाणू बाहेरच येत नाही. ब्लेडने अगदी बारीक तुकडे करा, मग प्रोटीनेज के (प्रोटीन खाणारं एन्झाइम) घालून ५६ अंशाला ठेवा, खपली विरघळेपर्यंत, मधे दोन-तीनदा हलवा. त्यानंतर ९५ अंशाला पूर्ण १० मिनिटं. ही दहा मिनिटं कापू नका. यात विषाणू मरतो आणि प्रोटीनेज के पण मरतं, ते जिवंत राहिलं तर पुढच्या नळीत जाऊन तुमचं कॅस१२एच खाऊन टाकतं, कारण ते पण प्रोटीनच. सगळी जनावरं निगेटिव्ह आणि कृत्रिम पॉझिटिव्ह मात्र झकास आलाय असं दिसलं की पहिला संशय याच्यावर घ्या.

मग सेंट्रिफ्यूज करून फक्त वरचं स्वच्छ पाणी घ्या, तळातला गाळ नको. हाताशी कॉलम किट (डीएनए गाळून धुवून घ्यायचं किट) असेल तर ते वापरा, डीएनए जास्त स्वच्छ मिळतो, फक्त शेवटच्या धुण्यानंतर कॉलम रिकामा एकदा फिरवून अल्कोहोल पूर्ण घालवा.

*इशारा, मोठा:* कॉलम किटच्या लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रवात, ग्वानिडीन असतं. त्यावर ब्लीच पडलं की विषारी वायू होतो. त्या नळ्या, ते सांडलेलं, ब्लीचने पुसायचं नाही, आधी भरपूर पाण्याने पुसा. ब्लीचची बाटली आणि हे बफर एका टेबलावर ठेवूच नका.

६. डीएनए वाढवणं

शेतावरच्या कामाला मला आरपीए बरं वाटतं, ३७ ते ४२ अंशात चालतं आणि २० मिनिटांत होतं. लॅम्प या दुसऱ्या पद्धतीला ६० ते ६५ अंश लागतात, अर्धा तास ते तास, त्याचे रिएजंट सहज मिळतात आणि ते चांगलंच आहे, पण नेहमीचं कॅस१२ए त्या उष्णतेला टिकत नाही म्हणून नंतर ३७ वर यावंच लागतं.

क्रम:

१. पहिल्या स्वच्छ कोपऱ्यात सगळ्या नळ्यांसाठी एकच मिश्रण करा, मॅग्नेशियम सोडून, आणि नळ्यांत वाटा. नळ्या थंड ठेवा.

२. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन सॅम्पलचा डीएनए घाला. पाण्याची नळी सोडून एका वेळी एकच झाकण उघडं. आधी जनावरांची सॅम्पलं, मग निरोगी जनावराचं, मग पाण्याची नळी. पाण्याची नळी एवढा वेळ उघडीच ठेवा, हवेत काही उडत असेल तर ते तिच्यात पडलं पाहिजे, तिचं कामच ते. ती बंद झाली की सगळ्यात शेवटी पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आधी उघडणारे लोक स्वतःच आपली रन बिघडवतात.

३. मॅग्नेशियम प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब म्हणून ठेवा, झाकणं हळूच लावा, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये एकदम फिरवा, म्हणजे सगळ्या नळ्या एकाच क्षणी सुरू होतात. तापलेल्या खोलीचा उपाय तो हाच. एकेक नळीत मॅग्नेशियम घालत बसलात तर पहिली नळी शेवटच्या नळीच्या कितीतरी मिनिटं पुढं गेलेली असते.

४. लगेच ब्लॉकमध्ये. चार मिनिटांनी काढून नीट हलवा, परत एक झटका फिरवा, परत ब्लॉकमध्ये. आरपीएचं मिश्रण घट्ट असतं, न हलवता ठेवलं तर थोडासा विषाणू असलेलं सॅम्पल सुटून जातं.

५. २० मिनिटं झाली की थांबा. "अजून दहा मिनिटं ठेवूया, रेघ गडद येईल" हे करू नका, सगळ्या रनना एकच वेळ पाहिजे.

*तपासा:* झाकणं बंदच आहेत का? इथून पुढं ही नळी फक्त तिसऱ्या खोलीत उघडायची.

७. कॅस१२एची पायरी

हे मिश्रण पण स्वच्छ कोपऱ्यातच, आणि आधीच तयार करून ठेवायचं, वाढलेला डीएनए तयार झाल्यावर धावपळ करत नव्हे. आधी कॅस१२ए आणि गाईड आरएनए एकत्र, ३७ अंशाला अर्धा तास, त्यांची जोडी जमू द्या. नेहमीचं प्रमाण ५० नॅनोमोलर कॅसला ६२.५ नॅनोमोलर गाईड. मग रिपोर्टर, तुम्ही आदल्या दिवशी ठरवलेल्या प्रमाणात. तिन्ही एकदम ओतणारे आहेत, टेस्ट चालते पण संवेदनशीलता जाते.

गाईड आरएनए नाजूक आहे. घामाचे हात, बोलताना उडालेली थुंकी, साधं नळाचं पाणी, सगळ्यात आरएनए खाणारी एन्झाइम असतात. ग्लोव्हज, मास्क, आणि आरएनएसाठीचं खास पाणी. लहान लहान नळ्यांत वाटून ठेवा म्हणजे रोज तीच नळी वितळवावी लागत नाही.

आता तिसऱ्या खोलीत: १८ मायक्रोलिटर कॅस मिश्रणात २ मायक्रोलिटर वाढवलेला डीएनए. नळी उघडायच्या आधी एकदा फिरवा, झाकणाला लागलेले थेंब खाली बसू देत. टिप आत घालून हळू सोडा, फुंकल्यासारखं नको. ३७ अंश, १५ ते ३० मिनिटं, जे ठरवलंय ते, सगळ्यांना सारखं.

८. पट्टी बुडवणं आणि वाचणं

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात कारण डोक्यात कोविडची किंवा प्रेग्नन्सीची पट्टी बसलेली असते, तिथं वरची रेघ कंट्रोलची, ती यायलाच पाहिजे. क्रिस्परसाठी नेहमी वापरतात त्या फॅम-बायोटिन पट्टीवर उलटं आहे.

पट्टीत खाली सोन्याचे बारीक कण असतात ते फॅमला पकडतात. खालची पहिली रेघ बायोटिनला अडवते. रिपोर्टर अख्खा असेल तर फॅम, सोनं, बायोटिन सगळं एकत्र खालच्याच रेघेवर अडकतं. रिपोर्टर कापलेला असेल तर फॅमबरोबरचं सोनं सुटं होऊन वरच्या रेघेवर जाऊन बसतं. म्हणून:

- खालची गडद, वरची नाही: निगेटिव्ह.
- वरची गडद, खालची फिकी किंवा गायब: पॉझिटिव्ह. खालची गायब झाली म्हणून "कंट्रोल आला नाही, टेस्ट बाद" म्हणून फेकून देणारे खूप आहेत, ते त्यांचं सगळ्यात पक्कं पॉझिटिव्ह फेकत असतात.
- दोन्ही दिसतात: पाण्याच्या नळीच्या पट्टीशेजारी धरून बघा. तिच्याएवढीच फिकी वरची रेघ असेल तर पॉझिटिव्ह म्हणू नका.
- एकही नाही: पट्टी खराब किंवा द्रव चढलाच नाही, बाद.

वेगळ्या बनावटीच्या पट्ट्या पण मिळतात, तेव्हा तुमच्या पाकिटावरचं चित्र बघून घ्या आणि तेच चित्र मोठं काढून तिसऱ्या खोलीच्या भिंतीला चिकटवा.

२० मायक्रोलिटर रिअॅक्शनमध्ये पट्टीचा बफर ८० मायक्रोलिटर, हलवा, पट्टी उभी बुडवा, घड्याळ लावा. पाकिटावरच्या वेळेलाच वाचा, साधारण दोन ते पाच मिनिटं. सगळ्या पट्ट्या ओळीने ठेवून त्याच वेळी फोटो, शेजारी कोड दिसला पाहिजे. जेवून येऊन बघितलेल्या, सुकलेल्या पट्टीवर जी रेघ दिसते तिला काही अर्थ नाही, मालक कितीही म्हणू दे की "आता आलीय की ओ रेघ."

९. निकाल सांगायच्या आधी कंट्रोल वाचा

जनावराच्या पट्टीकडं बघायच्या आधी कंट्रोल. या क्रमात:

पाण्याची नळी पॉझिटिव्ह आली? पूर्ण रन बाद. एकाही जनावराचा निकाल द्यायचा नाही, "पण ही गाय तर दिसतेच आहे लम्पीची" हे सुद्धा नाही. सगळं ब्लीचने पुसा, उघडलेले रिएजंट फेका, नवीन उघडा.

पातळ पॉझिटिव्ह आला नाही? मग निगेटिव्ह निकालांना किंमत नाही. तापमान, ओल लागलेली गोळी, जुना गाईड, या क्रमाने शोधा.

निरोगी जनावराची नळी पॉझिटिव्ह पण पाणी स्वच्छ? गडबड डीएनए काढायच्या टेबलावर किंवा सॅम्पल घेताना झालीय.

एखाद्या सॅम्पलमध्ये गाईचा स्वतःचा जीनच दिसला नाही? ते निगेटिव्ह नाही, ते "सॅम्पल परत घ्या" आहे.

शंका असेल तर खपलीपासून परत सुरू करा. तीच वाढवलेली नळी परत परत पट्टीवर लावून काही सिद्ध होत नाही, तिच्यात घाण असेल तर ती दरवेळी येणारच.

१०. आवरणं आणि कळवणं

काम झाल्यावर वाढवलेल्या नळ्या परत उघडायच्या नाहीत, ऑटोक्लेव्ह पण करायच्या नाहीत, त्यात झाकणं उघडून सगळीकडं पसरायची भीती. घट्ट बंद करून झिपच्या दोन पिशव्यांत, बायोमेडिकल कचऱ्यात जाळायला. ब्लेड, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. उकिरड्यावर काहीही नाही, तिथं गुरंच चरतात. टेबल आणि पिपेटची बाहेरची बाजू ब्लीच, दहा मिनिटं थांबून पाणी, मग अल्कोहोल.

रिपोर्टवर "स्क्रीनिंग" असा शब्द स्पष्ट लिहा, तारीख, कंट्रोलचे चारही निकाल, पट्टीचा फोटो. लम्पीचं पक्कं निदान सरकारी प्रयोगशाळेतल्या पीसीआरवरच धरतात, म्हणून त्याच खपलीचा अर्धा भाग सुरुवातीलाच वेगळ्या नळीत गार ठेवलेला असला पाहिजे. पॉझिटिव्ह आलं की त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्याला फोन, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नंतर नाही, अजिबातच नाही, कारण गावाचं नाव फिरलं की लोक जनावरं रातोरात टेम्पोत घालून सीमेपलीकडच्या पाहुण्यांकडं हलवतात, कागलकडं म्हणा, चंदगडकडं म्हणा, आणि रोग पण त्याच टेम्पोतून जातो.

मालकाला मात्र लगेच आणि समोरासमोर सांगा: गाय वेगळी बांधा, तिची वैरण-पाणी वेगळं, माश्यांचा बंदोबस्त करा, दूध उकळून घ्या, डॉक्टर येईपर्यंत विकू नका, हलवू नका. निगेटिव्ह आलं आणि गाठी वाढतच असतील तर तीन-चार दिवसांनी नवीन खपली घेऊन परत टेस्ट, आणि तोवर गाय वेगळीच.